दोघांच्या जेवणाचं घड्याळ

पंचतारांकित हॉटेलात दोघांनी सात कोर्सचं, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या सात प्लेटांचं, जेवण घ्यायचं ठरवलं की पहिली चौकशी पैशांची होते आणि दुसरी कपड्यांची. वेळेची चौकशी कुणी करत नाही, आणि अशी संध्याकाळ बिघडते ती बहुधा वेळेपायीच. सात कोर्सना अडीच ते तीन तास लागतात. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत रात्रीचं किचन साधारण सातला सुरू होतं आणि शेवटची ऑर्डर पावणेअकरा-अकराच्या सुमाराला घेतात. आपल्याकडे मात्र बाहेर जेवायचं म्हणजे नऊ. नवाला बसलेलं जोडपं मेन्यू, फोटो आणि ‘तू काय घेतोयस’ यातच साडेनऊ करतं. नेमकं तेव्हाच रेस्टॉरंट गच्च भरतं आणि दोन प्लेटांमधलं दहा-बारा मिनिटांचं अंतर पंचवीसवर जातं. मासा येईपर्यंत साडेदहा वाजतात, आणि गोड येतं तेव्हा शेजारच्या टेबलांवर उद्याच्या तयारीची मांडामांड चालू झालेली असते.

साडेसातची वेळ घ्यावी. अर्धं रिकामं रेस्टॉरंट काही जणांना ओकंबोकं वाटतं, पण त्या वेळी कॅप्टनचं, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरचं, लक्ष तुमच्याकडे असतं आणि किचनचे हात मोकळे असतात. टेबल सांगतानाही दोन गोष्टी विचाराव्यात: एसीचा झोत कुठे येतो आणि किचनचं दार कुठे आहे. झोताखालच्या टेबलावर सॉसवर दोन-तीन मिनिटांत साय धरते. प्लेट गरम करून आणलेली असली तरी ती त्या वाऱ्यापुढे फार टिकत नाही.

एकामागून एक ताटली आणायची ही रीत तशी जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फ्रान्समध्ये बड्या मेजवान्यांत पंचवीस-तीस पदार्थ एकदमच टेबलावर मांडत. देखावा मोठा, पण हात पोचेल तेवढंच खायचं आणि तेही निवलेलं. १८१० च्या सुमारास पॅरिसमधला रशियाचा राजदूत अलेक्झांडर कुराकिन याच्याकडे पदार्थ एकेक करून, वाढून आणले जाऊ लागले, आणि या पद्धतीला रशियन पद्धत हेच नाव पडलं. हॉटेलात ती चालती केली ती हॉटेलचालक सेझार रिट्झ आणि आचारी ऑग्युस्त एस्कॉफिये या जोडीने, १८९० पासून लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमध्ये. एस्कॉफियेने किचनची खाती पाडली: सॉसचं वेगळं, भाजण्याचं वेगळं, थंड पदार्थांचं वेगळं, गोडाचं वेगळं. यामागचं कारण कळायला एक उदाहरण पुरतं. अंडी, ग्रिल केलेला गुर्दा आणि ट्रफल या महागड्या अळंबीचा सॉस अशी एक डिश होती. एकच आचारी ती करायला बसला की पंधरा मिनिटं जात. अंडी एकाकडे, गुर्दा दुसऱ्याकडे, सॉस तिसऱ्याकडे दिल्यावर तीच डिश काही मिनिटांत निघू लागली. मुंबईचं ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, तेव्हा बड्या हॉटेलांची ही घडी नुकतीच बसली होती. आजही कुठल्याही मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये शिरलं की तीच खाती दिसतात. फक्त तंदूर आणि हलवाई यांची भर पडलेली असते.

आपल्या पंगतीलाही क्रम आहेच. डावी-उजवी बाजू आधी मांडायची, मग वरणभात-तूप, मग पोळी, मग मसालेभात, शेवटी ताकभात. तिथला एक नियम या पांढऱ्या टेबलक्लॉथवर जसाच्या तसा लागू पडतो: सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये एकाचं संपलं म्हणून त्याची प्लेट उचलत नाहीत. दोघांचं संपलं की दोन्ही प्लेटा एकदम उचलतात. म्हणजे दोघांच्या टेबलाचा वेग हळू जेवणाऱ्याच्या हातात असतो, आणि किचन त्याच्याच घड्याळावर चालतं.

हे घड्याळ असं चालतं. कॅप्टन ऑर्डर घेतो तेव्हा नुसतं ‘एक मासा, एक मशरूम’ लिहीत नाही, खुर्चीचा नंबर लिहितो. एखाद्या ठरलेल्या खुणेपासून, बहुतेक ठिकाणी दारापासून, खुर्च्या मोजायच्या असा ठराव असतो. म्हणूनच ‘फिश कुणाचं?’ असं न विचारता प्लेट बरोबर समोर येते. (विचारलं, तर ते हॉटेल महाग असेल, चांगलं असेलच असं नाही.) केओटीच्या, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, प्रती प्रत्येक खात्याला जातात. पहिला कोर्स लगेच लागतो, बाकीचे ‘होल्ड’वर राहतात. प्लेटा उचलल्या की कॅप्टन पुढच्या कोर्ससाठी ‘फायर’, म्हणजे ‘करायला घ्या’, असं सांगतो, आणि तिथून आठ ते बारा मिनिटांत पुढची प्लेट पासवर येते. पास म्हणजे किचन आणि बाहेरची माणसं यांच्यामधला तो लांब ओटा. तिथे शेफ प्लेट पुसतो, बघतो आणि सोडतो. दोन्ही प्लेटा एकाच मिनिटाला तयार व्हायला हव्यात, ही त्यातली खरी कसरत.

कॅप्टनला तुमचं संपलं हे कळतं काट्या-सुरीवरून. दोन्ही शेजारी-शेजारी, दांडे आपल्याकडे करून, घड्याळात साडेसहाचे काटे असतात तसे ठेवले की संपलं. तिरपे, एकमेकांपासून लांब ठेवले की अजून खातोय. आपल्याकडे पुष्कळ जण घास चघळताना काटा-सुरी जोडून ठेवतात, प्लेट उचलली जाते आणि अर्धा कोंबडीचा तुकडा डोळ्यांदेखत निघून जातो. वेटरवर चिडण्यात अर्थ नाही. त्याला तुम्हीच तशी खूण केलेली असते.

आता जोडप्याकडे येऊ. नवरा-बायकोत एक भरभर जेवणारा आणि एक सावकाश जेवणारा असणं हे जवळपास ठरलेलंच. घरी ते चालून जातं, कारण आधी उठणारा हात धुऊन टीव्ही लावतो. इथे उठायला जागा नाही. भरभर जेवणारा रिकाम्या प्लेटीपुढे बसून पाव खात राहतो. सावकाश जेवणाऱ्याला समोरची रिकामी प्लेट दिसली की घाई होते आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले तेच नीट खाल्लं जात नाही. उपाय साधा आहे. भरभर जेवणाऱ्याने प्लेट मुळात चार घासांची आहे हे आधीच ओळखून घासागणिक सुरी खाली ठेवायची. टेस्टिंग मेन्यूमधल्या, म्हणजे अशा ठरलेल्या छोट्या-छोट्या कोर्सच्या जेवणातल्या, एका प्लेटला सहा-सात मिनिटं द्यावीत. त्याहून कमी वेळात संपत असेल, तर सातव्या कोर्सपर्यंत पोटाला तडस लागणार, कारण पोट भरल्याची वर्दी डोक्यापर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात.

दुसरी अडचण उठण्याची. जेवणाच्या मध्येच एकाचा फोन येतो, तो बाहेर जातो. नेमका तेव्हाच मासा पासवर आलेला असतो. रावस किंवा जिताड्याचा ६०-७० ग्रॅमचा तुकडा कातडीच्या बाजूने कुरकुरीत करून तव्यावरून काढतात, आणि काढल्यानंतरही आतली उष्णता त्याला शिजवतच असते. तीन-चार मिनिटं दिव्याखाली राहिला की मांस कोरडं पडतं. झाकण घातलं तर वाफेने कातडी मऊ पडते. रिझोटोची, म्हणजे इटालियन मऊ भाताची, गत याहून वाईट: पाच मिनिटांत सरसरीत भाताचा गोळा होतो. अंड्याच्या पिवळ्यावर बांधलेला हॉलंडेज सॉस जास्त उष्णतेत फुटतो. चांगलं किचन अशा वेळी प्लेट फेकून नवीन करतं. म्हणजे दुसऱ्याचीही नवीन करावी लागते, कारण दोन्ही एकत्र जायला हव्यात. त्यात पंधरा मिनिटं जातात आणि मागच्या तीन टेबलांचाही क्रम हलतो. उठायचंच असेल तर प्लेटा उचलल्याबरोबर उठावं आणि कॅप्टनला नुसतं ‘दहा मिनिटं’ एवढं सांगून जावं. तो ‘फायर’ थांबवतो. नॅपकिन खुर्चीवर ठेवायचा, टेबलावर नाही. टेबलावर ठेवलेला नॅपकिन म्हणजे जेवण झालं.

सुफ्ले, म्हणजे अंड्याच्या फेसाने फुगवलेला पदार्थ, हवा असेल तर तो जेवणाच्या सुरुवातीलाच सांगावा लागतो. भट्टीत तो बारा ते पंधरा मिनिटं घेतो, आणि बाहेर आल्यावर त्यात कोंडलेली गरम हवा आणि वाफ आकसली की एक-दोन मिनिटांत खाली बसतो. त्याचा फोटो काढायचा असेल तर कॅमेरा आधी उघडून ठेवा.

मुख्य कोर्समध्ये लॅम्बची रॅक, म्हणजे कोकराच्या बरगड्यांचा तुकडा, असली तर मराठी माणसाचा गोंधळ उडतो. आपलं मटण हाडापासून सुटेपर्यंत शिजतं. इथे बरगडीचं मांस मध्ये गुलाबी. मीडियम रेअर म्हणजे आतलं तापमान ५४ ते ५७ अंश, मीडियम म्हणजे साठाच्या थोडं वर. प्लेटमध्ये उतरतं ते लाल पाणी रक्त नव्हे, मांसातल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा तो रंग. तरीही बघवत नसेल तर मीडियम सांगावं. वेल डन रॅक मागवू नये, कारण तेवढं शिजल्यावर त्या महागड्या मांसात चामड्याशिवाय काही उरत नाही. गुलाबी अजिबात नको असेल तर मंद आचेवर चार-चार तास शिजवलेली नळी, म्हणजे लॅम्ब शँक आहे का ते विचारावं. तिथे आपल्याला हवं ते सगळं मिळतं. घड्याळाचा प्रश्न इथेही आहेच. एकाने मीडियम रेअर आणि दुसऱ्याने वेल डन सांगितलं की पहिल्याची प्लेट दुसऱ्यासाठी खोळंबते. भाजून काढलेल्या मांसाला तसाही पाच-सात मिनिटं विसावा द्यावाच लागतो, नाहीतर कापताच रस वाहून जातो. पण त्याच्यापुढची दहा मिनिटं विसाव्याची नसतात, निवण्याची असतात.

एक शाकाहारी आणि एक मांसाहारी हे जोडपं तर आपल्याकडे घरोघरी. शाकाहारी टेस्टिंग मेन्यू आता बहुतेक हॉटेलांत असतो, पण ‘व्हेज’ एवढाच शब्द पुरत नाही. खरं पारमेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात. पन्ना कोटा आणि मूस या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातडीतून काढलेलं जिलेटिन असू शकतं. वुस्टरशायर सॉसमध्ये सहसा अँचोव्ही हा मासा असतो. थाई चवीच्या कुठल्याही पदार्थात फिश सॉसची शक्यता धरावी, आणि फ्रेंच कांद्याचं सूप पारंपरिक पद्धतीत मांसाच्या स्टॉकवरच, म्हणजे हाडं-मांस उकळून काढलेल्या पाण्यावरच, होतं. हे सगळं टेबलावर बसल्यावर सांगण्यात हशील नाही, कारण स्टॉक आणि गोड दुपारीच तयार झालेलं असतं. बुकिंग करताना, निदान एक दिवस आधी सांगावं: अंडं चालतं का, जिलेटिन चालतं का, कांदा-लसूण चालतो का, त्या दिवशी संकष्टी आहे का. संकष्टी असेल तर खरं म्हणजे दुसरा दिवसच धरावा. चंद्रोदय आणि सात कोर्स यांचं गणित जुळवणं कुठल्याही कॅप्टनच्या आवाक्याबाहेरचं आहे.

शाकाहारी माणसाचं पोट आधी भरतं, याचं कारण मेन्यू. मांसाची जागा भरून काढायला शेफ चीज, क्रीम, बटाट्याची प्युरे आणि रिझोटो यांवर येतो, आणि चौथ्या कोर्सला दुधातुपाची सुस्ती चढते. मेन्यू आधी मागवून वाचावा. क्रीम किंवा चीज तीनदा दिसलं तर एक कोर्स बदलून मागावा. बहुतेक ठिकाणी आनंदाने बदलतात.

प्रमाणाचं सांगायचं तर आ ला कार्टमधला, म्हणजे एकेक पदार्थ वेगळा मागवतात त्यातला, मांसाचा तुकडा १६० ते २०० ग्रॅमचा असतो. टेस्टिंगमध्ये तोच ७०-८० ग्रॅमचा होतो. सूप ८०-९० मिली, सॉर्बेचा, म्हणजे फळांच्या रसाच्या बिनदुधाच्या बर्फाचा, गोळा २५-३० ग्रॅम. सगळं मिळून अर्धा ते पाऊण किलो अन्न. ‘एवढ्याशा प्लेटी’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ही बेरीज आधी करावी. आणि सगळ्यात मोठा धोका या यादीत नसतोच: पाव. सुरुवातीला येणारे दोन ऊन-ऊन रोल, बरोबर मऊ लोणी. भूक लागलेली, पहिली प्लेट यायला अवकाश. दोघांनी मिळून चार रोल संपवले की मुख्य कोर्स तिथेच खाऊन झाला असं समजावं. अर्धा रोल आत्ता खावा, अर्धा सॉस पुसायला ठेवावा. मेन्यूत नसलेला एका घासाचा जो पदार्थ आधी येतो, त्याचे पैसे लागत नाहीत आणि तो कोर्स म्हणून मोजतही नाहीत. सॉर्बे मात्र कोर्स म्हणून मोजतात, ही हॉटेलांची जुनी हातचलाखी. हल्ली मुंबईत कोकमाचा सॉर्बे पुष्कळ ठिकाणी देतात आणि तो लिंबाच्या सॉर्बेहून बरा, कारण त्याचा आंबटपणा जिभेवरचं तेल खरोखर कापतो. गार पडलेली जीभ चव घेत नाही; सॉर्बेनंतर मिनिटभर थांबून, पाण्याचा घोट घेऊन मग पुढचं खावं.

वाइन घेणार असाल तर हिशोब असा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास. दोघांत एक बाटली म्हणजे प्रत्येकी अडीच ग्लास, तीन तासांना तेवढे रगड. प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन घेतली तर दर वेळी ६०-७५ मिली ओततात, म्हणजे पाच वाइन मिळून माणशी साधारण अर्धी बाटली होते. बाटली उघडल्यावर ग्लासात तळाला घोटभर ओततात ती आवडली की नाही हे विचारायला नव्हे, खराब आहे का ते बघायला. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधलेलं. बाटली निःसंकोच परत करावी. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यायची हे युरोपातल्या थंड घरांचं गणित, म्हणजे १६ ते १८ अंश. मुंबईत बाहेर ठेवलेली बाटली २८-३० वर असते आणि तिची चव नुसत्या स्पिरिटसारखी लागते. दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. वेटरच्या भुवया उंचावल्या तर उंचावू द्या. मसालेदार पदार्थ असतील तर नाशिकची शेनँ ब्लाँ ही व्हाइट वाइन जाड रेडपेक्षा कितीतरी चांगली जुळते: आंबट, किंचित गोडसर, तिखटाला भडकवत नाही. अकलूजकडच्या आणि दिंडोरीच्या द्राक्षांची वाइनही यादीत मिळते आणि परदेशी बाटलीच्या निम्म्या पैशांत काम होतं.

दोघांत एक सूप घेण्याची आपली ‘वन बाय टू’ची पद्धत इथेही चालते, लाजू नये. फक्त ऑर्डर देतानाच सांगावं, म्हणजे किचन दोन बोलमध्ये वरची सजावटही नीट वाटून पाठवतं. टेबलावर चमच्याने वाटणी करत बसलं की सूप गार होतं आणि टेबलक्लॉथवर सांडतं. पाणी विचारताना ‘स्टिल ऑर स्पार्कलिंग’ म्हणतात, त्यात तिसरा पर्याय ते स्वतःहून सांगत नाहीत. ‘रेग्युलर वॉटर’ म्हणावं. ते फुकट असतं.

लग्नाचा वाढदिवस आहे हे बुकिंगला सांगितलं की हॉटेल केक देतं. अडचण ही, की सातव्या कोर्सनंतर अर्ध्या किलोचा केक आणि त्याच्यामागे टाळ्या वाजवत चार वेटर. नको असेल तर आधीच सांगा: गाणं नको, केक बांधून द्या. कॉफी गोडाबरोबर हवी की नंतर हेही सांगावं लागतं. न सांगितल्यास आपल्याकडे सहसा दोन्ही एकदम येतात आणि कॉफीपुढे गोड पाणचट लागतं.

बिलाचं गणित मेन्यूवरच्या ‘प्लस प्लस’मध्ये, म्हणजे किमतीवर वेगळ्या लागणाऱ्या सर्व्हिस चार्ज आणि करांत, दडलेलं असतं. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के जीएसटी, इतरत्र ५. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट वेगळा. समजा माणशी ६,००० चा मेन्यू. दोघांचे १२,०००. त्यावर हॉटेलने दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला तर १३,२००, आणि जीएसटी या रकमेवर, म्हणजे २,३७६. एकूण १५,५७६. सर्व्हिस चार्ज काढायला लावला तर १४,१६०. फरक १,४१६ रुपयांचा, आणि तो काढायला सांगणं हा तुमचा हक्क आहे: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ज्या कॅप्टनने तीन तास तुमचं घड्याळ सांभाळलं त्याला टीप द्यायची असेल तर रोख द्यावी. कार्डावरची टीप त्याच्यापर्यंत कधी आणि किती पोचते हे प्रत्येक हॉटेलवर अवलंबून.

गाडी व्हॅलेकडे, म्हणजे ती नेऊन लावणाऱ्या माणसाकडे, दिली असेल तर त्याचं टोकन कॉफीबरोबरच कॅप्टनकडे द्या. सुटीच्या रात्री लग्नाची एखादी वरात त्याच पोर्चमध्ये उतरलेली असते, आणि तळघरातून गाडी वर यायला एखाद्या कोर्सएवढा वेळ सहज लागतो.